एकोणतीस वर्षं आणि दोन पानं

आमच्या होस्टेलमध्ये जुलै महिन्यात दोन साथी येतात. एक डोळ्यांची आणि दुसरी सीव्हीची. डोळ्यांची साथ आठवड्याभरात ओसरते, सीव्हीची मात्र प्लेसमेंट संपेपर्यंत उतरत नाही. कॉरिडॉरमध्ये बघावं तर जो तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. 'टीम प्लेअर' आधी टाकायचं की 'क्विक लर्नर', यावर मेसमध्ये पोळी गार होईपर्यंत चर्चा. एका दिवसाच्या कारखाना-भेटीला 'इंडस्ट्रियल एक्स्पोजर' म्हणायचं, गॅदरिंगला खुर्च्या मांडल्या त्याला 'इव्हेंट मॅनेजमेंट' म्हणायचं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या फाईलवरून उतरवलेल्या प्रोजेक्टला 'इंडिपेंडंट स्टडी'! मीही यातलाच. माझ्या सीव्हीत 'लीडरशिप'खाली मेस कमिटीचं सभासदत्व होतं. त्या कमिटीची वर्षभरात एकच मीटिंग झाली आणि त्या दिवशी मी गावाला गेलो होतो.

पण हा लेख आपल्या सीव्हींबद्दल नाही. मी आयुष्यात पहिला खरा सीव्ही लिहिला तो माझा नव्हता, बाबांचा होता.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. नाशिकला सातपूरमधल्या ज्या कारखान्यात बाबा कामाला होते, तिथली प्रेस शॉपची एक लाईन बंद झाली आणि पंचेचाळीसच्या पुढच्या लोकांना 'व्हीआरएसचा विचार करा' असं सांगण्यात आलं. स्वेच्छानिवृत्तीत स्वेच्छा किती असते हे ज्यांच्या घरात ती आली आहे त्यांना सांगायला नको. बाबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे. १९९२ ला दहावी, १९९५ ला मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्याच वर्षी ट्रेनी म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे शिफ्ट इनचार्ज म्हणून बाहेर पडले. एकोणतीस वर्षं, एकच गेट.

आता हिशोब बघा. पीएफच्या पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांचे दरवर्षी चार टक्के कापले जातात. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेलेला माणूस पेन्शनसाठी फार तरुण आणि नोकरीसाठी फार म्हातारा! मध्ये दहा वर्षांची दरी. त्या दरीत आमच्या घराचे हप्ते, आजीची औषधं आणि माझी फी.

जानेवारीत बाबांचा फोन आला. "अरे, तुम्ही पोरं ते सीव्ही का काय करता ना, तसं मला एक करून दे." सोबत व्हॉट्सअॅपवर त्यांचा जुना बायोडाटा होता. टाईप केलेल्या कागदाचा फोटो. सगळ्यात वर वडिलांचं नाव, मग जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद - वाचन व क्रिकेट. अनुभवाच्या रकान्यात एक ओळ : मेंटेनन्स, १९९५ पासून. प्रशिक्षणात 'क्यूएस ९०००'. आणि तळाशी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' हे इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र, खाली सही.

मला हसू आलं, मग लाज वाटली. माझ्याकडे कागद होता, मजकूर नव्हता. त्यांच्याकडे मजकूर होता आणि तो त्यांनी एका ओळीत संपवला होता.

मी आपल्या पद्धतीने कामाला लागलो. म्हणजे इंटरनेटवर 'चाळिशीनंतरचा सीव्ही' असं शोधलं. सगळीकडे एकच सल्ला. जन्मतारीख काढा. पदविकेचं वर्ष काढा. पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं गाळा. 'एकोणतीस वर्षांचा अनुभव' असं न लिहिता 'पंधराहून अधिक वर्षांचा' असं लिहा. मी तसं केलं आणि बाबांना पाठवलं. रात्री त्यांचा फोन. "सगळं छान आहे रे. पण पहिली चौदा वर्षं मी काय झोपा काढत होतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्यांदा मी चॅटबॉटकडून लिहून घेतलं. दोन मिनिटांत 'परिणामाभिमुख, गतिमान, दूरदर्शी व्यावसायिक' तयार! बाबांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "या माणसाला एकदा भेटव मला. आमच्याकडे असता तर बरं झालं असतं."

तिसऱ्यांदा मी सल्ले बाजूला ठेवले आणि त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही नक्की काय करायचात?" ते म्हणाले, "मेंटेनन्स बघायचो." झालं! मग मी प्रश्न बदलला. "तुम्हाला सगळ्यात जास्त पिडलेलं एखादं ब्रेकडाऊन सांगा." त्यावर ते चाळीस मिनिटं बोलले. अडीचशे टनी हायड्रॉलिक प्रेस, दर पंधरवड्याला सील जायचं. सगळे सीलच्या कंपनीला शिव्या देत होते. बाबांनी तेलाचं तापमान लिहून ठेवायला सुरुवात केली. दुपारनंतर तेल जास्त तापतंय हे दिसलं. कूलर उघडला तर नळ्यांत जड पाण्याचा क्षार बसलेला. कूलर साफ करायचं वेळापत्रक लावलं, पाण्याची व्यवस्था बदलली. महिन्याला सरासरी पस्तीस तास बंद राहणारी प्रेस आठ तासांवर आली. हे साल २०११.

"हे आकडे कशावरून?" मी विचारलं. मला वाटलं, आपल्यासारखेच अंदाजे. पण माळ्यावर डायऱ्या होत्या. कंपन्या दिवाळीला देतात त्या. १९९८ पासून एकेक. तारीख, मशीन, बिघाड, कारण, उपाय, किती वेळ गेला. पुढचे तीन रविवार आई डायऱ्या वाचून दाखवत होती आणि मी इकडे होस्टेलच्या गच्चीवर बसून लिहून घेत होतो. गच्चीवर कारण आमच्या विंगमध्ये रेंज तिथेच येते.

डायऱ्यांतून काय काय निघालं! २०१४ मध्ये जुनं रिले पॅनेल काढून पीएलसी बसवला तेव्हा बाबा अडतीस वर्षांचे होते आणि लॅडर लॉजिक त्यांनी बसवायला आलेल्या इंजिनीअरच्या शेजारी बसून शिकून घेतलं. आयटीआयची चाळीसच्या वर मुलं त्यांच्या हाताखाली अॅप्रेंटिसशिप करून गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते इनचार्ज असलेल्या अकरा वर्षांत त्यांच्या शिफ्टमध्ये प्रेसवर एकाही कामगाराचं बोट गेलं नाही. प्रेस शॉप ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही ही व्यवस्था कामगारच चिकटपट्टी लावून निकामी करतात, कारण काम भराभर होतं. बाबा दर शिफ्टला फिरून ती पट्टी काढायचे. रोज. अकरा वर्षं.

हे सीव्हीत कुठे लिहायचं? 'अचिव्हमेंट'मध्ये? घडलेल्या गोष्टींसाठी सीव्हीत रकाने आहेत. जे घडू दिलं नाही त्याला रकानाच नाही. अनुभवी माणसाचं निम्मं काम तर तिथेच असतं.

इथे मला माझं मत मांडायचं आहे. मोठ्या वयाच्या माणसाला 'वय लपवा' हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो अर्धवट आहे. वय लपत नाही. ऑनलाईन अर्जात पास झाल्याचं वर्ष सक्तीचं असतं, मुलाखतीला माणूस दारातून आत येतो तेव्हा केसही त्याच्याबरोबर येतात. लपवण्यात जी मेहनत जाते ती वर्षांचं काम करून दाखवण्यात घालवावी. 'एकोणतीस वर्षांचा अनुभव' हे वाक्य वाचणाऱ्याला फक्त वय सांगतं. 'पस्तीस तासांचे आठ तास केले' हे वाक्य काम सांगतं.

म्हणून आम्ही जुनं गाळलं नाही, त्याची घडी घातली. शेवटची बारा-तेरा वर्षं सविस्तर. पहिली सोळा-सतरा तीन ओळींत, पण सालासकट. १९९५ राहिलं. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि ते प्रतिज्ञापत्र मात्र काढलं. लाज वाटली म्हणून नाही, तर कामाशी संबंध नाही म्हणून. कुणी विचारलं तर जन्मतारीख सांगायचीच. 'क्यूएस ९०००' काढलं, कारण ते मानक २००६ मध्येच रद्द झालं आणि ते पहिल्या पानावर दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाचं घड्याळ तिथेच थांबलं. त्यानंतरचं आयएटीएफ १६९४९ हे २०१६ पासूनचं मानक त्यांच्या कारखान्यात आलं, त्याच्या ऑडिटला ते स्वतः उभे राहिले. ते वर घेतलं. बदल फक्त एका ओळीचा, पण घड्याळ अठरा वर्षं पुढे आलं.

एक तांत्रिक गोष्टही शिकलो, ती आपल्यालाही उपयोगी आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. ते फाईलमधला मजकूर उचलून जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून बघतं. दोन रकान्यांचं टेबल केलं तर कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते. आणि कागदाचा फोटो काढून पाठवला तर त्यात त्याला मजकूरच सापडत नाही. बाबांचा तो बायोडाटा त्यांनी आधीच बारा ठिकाणी फोटो काढून पाठवला होता. उत्तर नाही आलं तेव्हा ते समजले, वय नडलं. कदाचित वयाआधी फोटोच नडला असेल.

अर्थात वय नडतंच. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. सरकारी नोकरीत निदान वयाची अट जाहिरातीत छापलेली असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही कमाल मर्यादा, तीही २०१६ मध्ये वाढवल्यावर. खाजगी जाहिरातीत अट नसते, 'यंग अँड डायनॅमिक टीम' असं असतं. समजणाऱ्याला समजतं. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीत कशाकशावरून भेदभाव करायचा नाही याची यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. त्यात वय नाही. खाजगी नोकरीत वयावरून नाकारू नये असा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. अमेरिकेत चाळीस वर्षं व त्यापुढच्यांसाठी तो १९६७ पासून आहे, ब्रिटनमध्ये २००६ पासून. पण तिथेही सल्लागार उमेदवारांना पदवीचं वर्ष काढायला सांगतातच. म्हणजे कायदा हवा, पण कायद्याने वाचणाऱ्याची नजर बदलत नाही.

कंपन्यांची बाजूही आहे आणि ती मला मान्य आहे. एचआरला तीन शंका असतात. हा पगार जास्त मागेल, हा नवीन शिकणार नाही आणि वयाने लहान साहेबाचं ऐकणार नाही. या शंका चुकीच्या असतीलही, पण त्या आहेत असं धरूनच अर्ज लिहावा. बाबांच्या अर्जात आम्ही चारच वाक्यं ठेवली. तुमच्याकडे अमुक मशीनं आहेत, त्या प्रकारच्या मशीनवर मी हे काम केलं आहे. २०१४ ला पीएलसी शिकलो, २०२२ ला कंडिशन मॉनिटरिंगचा कोर्स केला. माझे शेवटचे दोन मॅनेजर माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते, त्यांच्यापैकी कुणालाही फोन करून विचारा. पगाराबाबत मोकळेपणी बोलायची तयारी आहे. बस. 'आपला आज्ञाधारक' नाही, 'संधी दिल्यास जन्मभर ऋणी राहीन' नाही. हे शेवटचं वाक्य काढताना बाबा जरा अडखळले. १९९५ च्या अर्जात त्यांनी ते लिहिलं होतं, फुलस्केप कागदावर, हाताने. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही ऋणी राहिलात. एकोणतीस वर्षं. फिटलं आता."

पुढे काय झालं? सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. एकतीस अर्ज केले. पाच ठिकाणहून मशीनने लिहिलेली आभाराची उत्तरं आली. दोन फोन आले. एकाने पहिलाच प्रश्न वयाचा विचारला आणि "कळवतो" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यांनी चाकणला मुलाखतीला बोलावलं. समोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. त्याने आपल्याला मॉक इंटरव्ह्यूला विचारतात तोच प्रश्न विचारला, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? बाबा म्हणाले, "माझ्यावाचून अडणार नाही अशी दोन पोरं तयार करून तुमच्याच मेंटेनन्समध्ये." मला ते उत्तर फार आवडलं. नोकरी नाही मिळाली.

मिळाली ती जुन्या ओळखीतून. कारखान्याला हायड्रॉलिकचे स्पेअर देणारे एक काका होते. बाबा त्यांना काम मागायला लाजत होते. मी आग्रह केला, काम मागू नका, सीव्ही द्या आणि म्हणा, कुणाला उपयोग असेल तर दाखवा. त्यांनी तो सिन्नरच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांना दाखवला. त्यांनी बाबांना बोलावून वय विचारलंच नाही. म्हणाले, "ते कूलरचं काय केलंत ते जरा सांगा, आमच्याकडेही तोच त्रास आहे." २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाबा तिथे लागले. पगार आधीच्या दोन तृतीयांश, रोजचं येणं-जाणं साठेक किलोमीटर. पण पहाटे डबा घेऊन निघतात आणि आई म्हणते, पुन्हा शिट्टी वाजवायला लागलेत.

तेव्हा, चांगला सीव्ही लिहिला की नोकरी मिळते असा माझा दावा नाही. एकतीस अर्ज पोर्टलवर वाया गेले, हे मी विसरलेलो नाही. पण काका जेव्हा त्या मालकांकडे गेले तेव्हा त्यांच्या हातात 'आमचा एक माणूस आहे, बघा काही जमतं का' एवढंच नव्हतं. दोन पानं होती आणि त्यात कूलर होता.

आता दोन मागण्या. एक आपल्या प्लेसमेंट सेलकडे. आपण आठ आठ दिवस सीव्हीचे वर्कशॉप घेतो, ज्यांच्याकडे लिहायला फारसं काही नाही अशा आपल्यासाठी. वर्षातून एक रविवार आपल्या पालकांसाठी आणि जुन्या माजी विद्यार्थ्यांसाठी ठेवता येणार नाही का? कॉम्प्युटर लॅब तशीही रविवारी बंद असते. प्रत्येक पालकाशेजारी एक विद्यार्थी बसेल, प्रश्न विचारेल आणि लिहून घेईल. या होस्टेलमध्ये असं घर एकट्या माझंच असेल असं मला वाटत नाही. फक्त आपण ते मेसमध्ये बोलत नाही. आपल्या वर्कशॉपमधले आणि लॅबमधले कंत्राटी कर्मचारीही यात यावेत. ज्यांनी आपल्याला लेथवर हात कसा ठेवायचा हे शिकवलं, त्यांचा सीव्ही कुणी लिहिला आहे?

दुसरी मागणी आपल्या सगळ्यांकडे. पाच-सहा वर्षांनी आपल्यातले काही जण टेबलाच्या पलीकडे बसतील. समोर पन्नाशीचा माणूस येईल, इंग्रजी अडखळत बोलेल, 'मेंटेनन्स बघायचो' एवढंच सांगेल. तेव्हा कृपा करून त्याला 'पाच वर्षांनी कुठे' विचारू नका. सगळ्यात जास्त पिडलेलं ब्रेकडाऊन विचारा आणि चाळीस मिनिटं ऐका. फायदा तुमच्याच कंपनीचा आहे.

माझ्या सीव्हीचं विचाराल तर मेस कमिटी काढून टाकली. इव्हेंट मॅनेजमेंटही गेलं. आता एक पान आहे आणि तेही पाऊणच भरलंय. रूममेट म्हणाला, मोकळी जागा वाईट दिसते, फॉन्ट वाढव. मी बाबांना पाठवून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "राहू दे. डायरी लिहायला लाग, भरेल."

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)